जेवणाआधीचे चव्वेचाळीस

विश्वेश सर कणकवलीच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत, आणि मार्क देण्यात त्यांचा हात भलताच सढळ होता. नव्या धोरणात 'ओजेटी' आली. म्हणजे पोरांनी कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. पन्नास मार्क तिथल्या मालकाने द्यायचे, पन्नास शिक्षकाने, जागेवर जाऊन काम बघून. सरांनी आपल्या वाटणीचे चव्वेचाळीस सगळ्या वर्गाला घरबसल्या वाटून टाकले. देवबाग ते वैभववाडी फिरायला पेट्रोल काय कुलगुरू घालणार होते?

पण सलोनीला मालकाकडून आले बारा. पास व्हायला वीस लागतात. आणि मालक कोण, तर तिची सख्खी आई. घरच्या घरी उरकेल म्हणून पोरीने देवबागेतला आईचाच होमस्टे निवडला होता.

नापास विद्यार्थी म्हणजे प्राचार्यांना लेखी खुलासा. सर रविवारी मुकाट देवबागेला गेले.

"काकी, बारा म्हणजे लिहिताना काहीतरी चूक झाली असेल," ते सलोनीच्या आईला, मथुराकाकीला म्हणाले.

"चूक खंयची? दहाच देवचे होते. आंघोळ करून कामाक येता म्हणान दोन वाढयलंय."

सलोनी दाराला टेकून मोबाईल बघत होती. तिने मानही वर केली नाही.

"बाकीच्या मालकांनी पंचेचाळीस दिलेत हो."

"त्यांची पोरां हुशार असतली. तुमी किती दिलास?"

"चव्वेचाळीस."

"कसले?"

सर जरा घुटमळले. "एकूण प्रगतीचे."

"मग जेवून जावा. आजचा रांदप तिनाच केल्यान."

सर पानावर बसले. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं इतकी, की दुसऱ्या घासाला जीभ बधिर झाली आणि तिसऱ्याला ओठ. भात खाली करपलेला, वर कच्चा. शेजारी पुण्याचं एक कुटुंब तेच जेवण समोर घेऊन बसलं होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी हळूच विचारलं, "तुम्ही इथलेच ना? मालवणी जेवण असंच असतं का?"

हे मात्र सरांना लागलं. त्यांनी हात धुतले, बॅगेतून कागद काढला, चव्वेचाळीसवर काट मारली आणि अठरा लिहिले.

"सर, ह्या काय?" सलोनी म्हणाली.

"बाय, तू स्वतः जेवलंस काय?" सरांची कॉलेजातली मराठी कुठल्या कुठे गेली होती.

सलोनीने मोबाईल ठेवला. एक घास खाल्ला, मग पाणी प्यायली.

"अठरा जास्त झाले," ती म्हणाली.

प्राचार्यांनी खुलासा मागितला. सरांनी लिहून दिलं, 'नियमाप्रमाणे जागेवर जाऊन जेवलो.' प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि सरांना बोलावून घेतलं.

"बाकी सगळ्यांना चव्वेचाळीसच आहेत ना?"

"हो सर."

"मग आता आणखी कुठे जेवायला जाऊ नका."

सलोनीने ट्रेनिंग पुन्हा केलं. शेजारचे बोटवाले भाई न बघता पन्नास द्यायला तयार होते, पण ती हट्टाने आईच्याच हाताखाली राहिली. पहाटे उठली, चुलीशी भाजली, पाहुण्यांची बोलणी खाल्ली. शेवटी काकीने सव्वीस दिले. सलोनी चिडली. इतकं राबून सव्वीस? ती म्हणाली, कॉलेजात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करते.

"कर," आई मासे साफ करता करता म्हणाली. "त्येच्यात कमी पण होतत."