छपरावरचं ऊन आणि शेडमधला मी

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. पण ‘जुना’ हा शब्द जरा जपून उच्चारा. माझा पट्टा, फिल्टर, नळ्या सगळं बदलून झालंय, आवाज मात्र मूळचाच आहे. सुरू होताना मी आधी खोकतो, मग काळा धूर सोडतो आणि मग असा काही घुमतो की शेजारच्या खिडक्या थरथरतात. म्हणून या इस्पितळात मला सगळे ‘खोकलेबुवा’ म्हणतात. म्हणेनात का बापडे!

कारखान्यात मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि ट्रकवर घालून इथे आणलं. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम पडला, तो आजतागायत. माझ्या भिंतीपलीकडे वेळेआधी जन्मलेल्या बाळांची खोली आहे. ती एवढीएवढीशी बाळं काचेच्या पेट्यांत झोपतात, आणि त्या पेट्यांची ऊब विजेवर चालते. बाहेरची वीज गेली की माझी पाळी. इतक्या वर्षांत एकाही बाळाला मी थंडी वाजू दिलेली नाही. ही फुशारकी आहे, आणि ती मी मारणारच.

माझी देखभाल वायरमन तात्यांकडे. दर सोमवारी सकाळी चहाचा पेला घेऊन ते यायचे, मला सुरू करायचे आणि चहा संपेपर्यंत चालू ठेवायचे, मग वीज गेलेली असो वा नसो. बसून राहिलास की गंजशील, असं मला बजावून माझ्या पाठीवर थाप मारायचे.

पुढे तात्यांची लेक इंजिनियर झाली आणि इस्पितळाच्या छपरावर तिनेच सौर पॅनेल बसवले. ना धूर, ना खोकला! खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. ती सगळ्यांना सांगायची, की डिझेलसाठी परक्याच्या जहाजाची वाट बघत बसावं लागतं, ऊन मात्र आपल्या हक्काचं आहे. मला राग आला, पण पटलंही. तिने पॅनेलची तार माझ्याशीही जोडली आणि बजावलं, की बॅटऱ्या येईपर्यंत खोकलेबुवाला हलवू नका. ऐकतो कोण? सूर्य काय संपावर जाणार आहे, असं म्हणून सगळे हसले. माझी शेड सायकलींना द्यायची ठरली, भंगारवाला माझं पोट ठोकून गेला. सोमवारची उधळपट्टी बंद करा, असा तात्यांना हुकूम सुटला. तात्यांनी मान डोलावली आणि पुढच्या सोमवारी पेला घेऊन हजर!

तशात समुद्रापलीकडे काहीतरी बिनसलं. इंधनाची जहाजं अडकली, आमच्या बॅटऱ्याही तिकडेच अडकल्या. वीजकेंद्रं धापा टाकू लागली आणि एका भर दुपारी वीज गेली. आपलं छप्पर आहे की, म्हणून मोठ्या सिस्टर निर्धास्त होत्या. पण ऊन रणरणत असताना पंखे थांबले, पेट्या बंद पडल्या. सगळे तोंडात बोट घालून वर बघू लागले. मित्रांनो, बाहेरची वीज गेली की पॅनेलचं यंत्र आपोआप थांबतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला झटका बसेल. इस्पितळापुरतं ते चालवायचं तर कोणीतरी आधी विजेचा ताल धरून द्यावा लागतो. ते काम बॅटऱ्यांचं होतं.

मोठ्या सिस्टर धावत शेडपाशी आल्या. “तात्या, पेट्या गार होत चालल्यात,” एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या टाकीत डिझेल तळाला गेलेलं. एकट्याने सगळा भार ओढला असता तर तासाभरात माझा दम संपला असता. तेवढ्यात लेक धावत आली. तिने खटका पाडून बाहेरची तार सुटी केली आणि म्हणाली, “बाबा, याला फक्त सुरू करा. ओझं माझे पॅनेल उचलतील.”

तात्यांनी कळ दाबली. मी अडलो नाही. दर सोमवारी अंग हललेलं होतं ना! मी एकदा खोकलो आणि घुमलो. माझा ताल सापडताच छपरावरचं यंत्र जागं झालं, त्याने भार खांद्यावर घेतला आणि मी नुसता गुणगुणत राहिलो. भिंतीपलीकडे एक बाळ जोरात रडलं. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नव्हता. ऊन कलायच्या आत बाहेरची वीज परत आली, आणि टाकीत थोडं डिझेल उरलंही.

आता बॅटऱ्या आल्या आहेत, सायकलींना दुसरी जागा मिळाली आहे. सोमवारी लेकही आपला पेला घेऊन येते. माझ्या आवाजात बापलेकीला एकमेकांचं काही ऐकू येत नाही, तरी दोघं बोलत असतात.

मित्रांनो, छपराछपरावर ऊन पकडा, वारा पकडा. आपल्या घरातला दिवा परक्याच्या जहाजावर सोडू नका. डिझेलवर पोट भरणारा मीच हे सांगतोय! फक्त नवं आपल्या पायावर उभं राहीपर्यंत जुन्याचं तेलपाणी करत चला. एक दिवस माझी गरज उरणार नाही. त्या दिवशी मला खुशाल भंगारात द्या, मी कुरकुर करणार नाही. पण त्याआधी मला बंद ठेवा, बाहेरची वीज तोडा आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडच्या पेटीला हात लावून बघा. ऊब लागली, की मग मला न्या.