ठोंब्याला शिकवताना

प्रश्न पहिला (सक्तीचा): पडदे शिवणाऱ्या बाईला संख्याशास्त्र कोण शिकवणार?

विद्यापीठ लांबचं, तिथले सर त्याहून लांबचे. दोनदा नापास झालेल्या वहिनीकडे उरली होती पदवीची एक शेवटची संधी आणि फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता. विचारलं की यंत्र धडाधडा सांगायचं. वाचताना सगळं कळायचं. फोन ठेवला की पाटी कोरी.

"आपल्या दुकानात कसं शिकतात?" मशीनवरून मान वर न करता नणंद म्हणाली. "नवी टीप आली की ती दुसऱ्याला शिकवायची. तेव्हा कुठे हातात बसते. तू त्या यंत्रालाच शिकव की!"

वहिनीनं फर्मान काढलं. मी मास्तरीण, तू विद्यार्थी, तोही मठ्ठ. उत्तर सांगायचं नाही. फक्त 'का?' विचारायचं.

ठोंब्या हे नाव नणंदेनं दिलं.

प्रश्न दुसरा: का?

का?

बरं, पण का?

(कापड बेतताना. चहा उकळताना. रोज.)

प्रश्न तिसरा (तोंडी, लॅपटॉपवरून): सरासरी माहीत असताना प्रमाण विचलन कशाला?

वहिनीनं पुस्तकातलं वाक्य म्हटलं.

"पण का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"अरे ठोंब्या, कितीदा सांगू तुला!"

वहिनीनं जीभ चावली.

 

पदवी गेली. कोपऱ्यातल्या नणंदेनं कपाळावर हात मारला.

बाईंनी चष्मा काढला. "ठोंब्या कोण?"

वहिनीनं चाचरत खरं ते सांगितलं.

"मग मलाही तसंच सांगा. त्याला सांगता तसं."

"दोन खिडक्या घ्या. एक बुटकी, एक उंच. सरासरी मापाचे पडदे शिवले, तर एकीचा जमिनीवर लोळणार, दुसरीचा अधांतरी लोंबणार. दोन्ही गिऱ्हाइकं मलाच झोडणार! मापं सरासरीपासून किती लांब पळालीत, ते आधी कळायला हवं."

बाईंनी आणखी एकदा 'का' विचारलं. मग आणखी एकदा. वहिनी सांगत राहिली, हातवारे करत, अगदी रंगात येऊन.

"पास झालात असं समजा," शेवटी बाई हसून म्हणाल्या.

प्रश्न चौथा: आभार कुणाचे?

वहिनीनं फोनवर लिहिलं, 'पास झाले रे. तुझा मठ्ठपणा कामी आला.' उत्तर आलं, पण तिनं ते वाचलंच नाही. तिनं आधी नणंदेला घट्ट मिठी मारली.

"बाजूला हो गं, सुई टोचेल!" नणंद म्हणाली. आणि जागची हलली नाही.