पाच घरांचे पैसे

गावी पैसे पाठवायच्या खिडकीतल्या बाईने नोटा मोजल्याच नाहीत. काचेखालून तशाच परत बाहेर सरकवल्या.

ओळखपत्राची मुदत संपली की एखादी नोट खोटी निघाली, या विचाराने टाकेबाई पर्स चाचपू लागली. पण खिडकीतली बाई तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्यावरून मागच्या रांगेकडे बघत होती. रांगेत टाकेबाईच्याच खोलीतल्या चौघी उभ्या होत्या. पगार झाला की नेहमीच उभ्या असत, एकीमागे एक, पर्स पोटाशी धरून.

त्या सगळ्या तुमच्याबरोबरच्याच का, असं खिडकीतल्या बाईने हळूच विचारलं. टाकेबाईने मान हलवली. पैसे एकाच भागात जातात का? पुन्हा मान हलली. तेव्हा त्या बाईने मागे खुर्चीत बसलेल्या साहेबाचा अंदाज घेतला आणि पावत्या चाळल्यासारखं करत खालमानेने बोलली,

"दर महिन्याला बघते मी. पाच जणी येता आणि पाचदा कमिशन भरता. कमिशन माणसामागे नसतं, पाठवण्यामागे असतं. थोडे पाठवा नाहीतर जास्त, कापतात तेवढंच. सगळ्यांचे मिळून एकदाच पाठवा ना."

एवढं बोलून तिने "पुढे कोण?" अशी मोठ्याने हाक दिली. जणू काही घडलंच नव्हतं.

त्या दिवशी पाचही जणी पैसे न पाठवताच खोलीवर परतल्या.

पाचही जणी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. धुलाईघर तळघरात होतं. वरच्या मजल्यांवरची चादर न चादर, उशीचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं ढकलगाड्यांमधून तिथे उतरायचं आणि धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा वर जायचं. फाटलेलं असेल ते टाकेबाईच्या शिलाई मशीनवर यायचं, म्हणून ती टाकेबाई. इस्त्रीच्या रुळावर उभी राहणारी बाई बोलायलाही तशीच, एकही सुरकुती न ठेवणारी. तिला सगळ्या कडक म्हणायच्या, अगदी तोंडावरसुद्धा. घड्या घालणाऱ्या दोघी नात्याने सख्ख्या जावा होत्या. गावी एकमेकींशी बोलत नव्हत्या म्हणे, इथे मात्र एका ताटात जेवायच्या. आणि पाचवी धाकटी. नुकतीच आलेली. आईच्या आठवणीने वाळवणाच्या खोलीत जाऊन रडायची, कारण तिथल्या यंत्रांच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही.

पैसे एकदाच पाठवायचे हे सगळ्यांना पटलं. अडलं ते पुढे. तिकडे ते घ्यायचे कोणी आणि घरोघर पोचवायचे कोणी? जावांचे नवरे दोघेही परगावी कामाला. धाकटीच्या आईला अंथरुणाला खिळलेल्या सासूपासून हलता येत नव्हतं. कडकचे वडील म्हातारे, त्यातून कानाने अधू. राहता राहिला टाकेबाईचा नवरा. त्याचं गाव बाकीच्या सगळ्या गावांच्या मधोमध, बँकेच्या जवळ, आणि तो दिवसभर घरीच. टाकेबाईने स्वतः त्याचं नाव काढलं नव्हतं. ते धाकटीने काढलं.

"म्हणजे मांजराला लोण्याची राखण," कडक म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण बसून खाणाऱ्या माणसाच्या हातात पाच घरांचे पैसे द्यायचे?"

टाकेबाईने वाईट वाटून घेतलं नाही. तिने हातातल्या ब्लाउजचा दोरा दातांनी तोडला. कडकने उच्चारलेलं वाक्य तिच्या मनातही येऊन गेलं होतं.

नवरा ट्रक चालवायचा. माल उतरवताना फळी निसटून कमरेत बसली आणि गाडी कायमची सुटली. घर चालवायला टाकेबाई इथे आली, तो मुलीला सांभाळत घरी राहिला. सुरुवातीला फोनवर बोलणं पुष्कळ असायचं. मग आटत गेलं. पैसे पोचले? पोचले. पोरगी? शाळेत. बरं. ठेवतो. या पलीकडे त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसायचं, आणि ते नसतं हेही तो सांगायचा नाही. गावात लोक त्याला काय म्हणत असतील ते टाकेबाईला न ऐकताही कळायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

"त्यांना चालेल?" त्याने विचारलं.

एवढंच. कमरेचं नाही, बसच्या भाड्याचं नाही. टाकेबाई म्हणाली, चालेल. कडकने अजून हो म्हटलेलं नव्हतं, तरी म्हणाली.

कडक शेवटी तयार झाली ती एका अटीवर. एक महिना बघायचं, दमडी इकडची तिकडे झाली तर आपला रस्ता आपल्याला मोकळा. सगळ्यांचे पैसे टाकेबाईच्या नावाने एकदाच गेले. खिडकीतल्या बाईने कागदावर शिक्का मारला, मान वर केली नाही, फक्त ओठांच्या कोपऱ्यात हसली. आणि तिकडे एकेका गावातून फोन येऊ लागले. पोचले. पोचले. आमच्याकडे पोचले.

वाचलेले पैसे काही फार नव्हते. पण दर महिन्याला वाचणारं थोडंसुद्धा कुठेतरी उगवून येतं. धाकटीच्या आईला दुपारपुरती मदतीला एक बाई मिळाली. जावांनी मिळून मुलांना शिकवणी लावली. टाकेबाईच्या मुलीच्या पायात शाळेचे नवे बूट आले आणि तिने ते झोपतानाही काढले नाहीत, असं नवऱ्याने फोनवर सांगितलं. टाकेबाई हसली. मग तिच्या लक्षात आलं, की त्याने आपणहून काही सांगितल्याला किती दिवस झाले होते.

पैशांमागून बातम्याही येऊ लागल्या. पण त्या त्याच्याकडून नाही, बायकांकडून. धाकटी मशीनपाशी येऊन सांगायची, ताई, तुमच्या नवऱ्याने आमच्या आजीला उचलून उन्हात बसवलं, कितीतरी दिवसांनी तिने अंगण पाहिलं. जावा सांगायच्या, भाऊजींनी आमच्या पोराला दटावलं, आता अभ्यासाला बसतो. तो बसने जायचा, पुढे चालत जायचा, मधेमधे कुणाच्या तरी ओट्यावर कंबर टेकायचा. कुणाचा दिवा लागत नसेल तर बघायचा, कुणाच्या औषधावरची तारीख वाचून द्यायचा. कुठेही चहावाचून सुटका नसायची. टाकेबाई सगळं ऐकायची आणि शिवत राहायची. आपल्याच नवऱ्याची ओळख आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून व्हावी, याची तिला मौज वाटायची, आणि थोडी लाजही.

कडकच तेवढी काही सांगायची नाही. पैसे पोचले की "पोचले" म्हणायची आणि रुळाकडे वळायची.

मग एका महिन्यात बाकीच्या घरांतून फोन आले, कडकच्या घरून आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. टाकेबाईने नवऱ्याला फोन लावला. बंद. मुलगी शेजारी होती. तिचे बाबा काल सकाळी गेलेत, आले नाहीत, असं शेजारणीने सांगितलं. टाकेबाईच्या हातून एका झग्याची बाही चक्क उलटी शिवली गेली. ती उसवताना तिला कडककडे बघायचं धाडस होईना. कडकचा वाटा इतर सगळ्यांपेक्षा मोठा होता. वडिलांच्या घराचं छप्पर बदलायला त्या महिन्यात तिने मागची शिल्लकही त्यात घातली होती. आणि कडक रुळावर झग्यामागून झगा सरळ करत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी कडकचा फोन वाजला. ती कोपऱ्यात गेली. टाकेबाईला फक्त तिची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती, मग वाकली, मग कडक भिंतीला टेकून खालीच बसली.

झालं होतं ते असं. टाकेबाईचा नवरा पैसे घेऊन पोचला तेव्हा कडकचे वडील दाराच्या आत पडलेले होते, तोंड वाकडं, एक हात निर्जीव. शेजारीपाजारी कुणी नव्हतं. ट्रक सुटल्यापासून एवढं ओझं त्याने लांबवर वाहिलं नव्हतं. पण त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आणि हमरस्त्यापर्यंत नेलं. तिथे एका टेम्पोला हात केला आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. तो तिथेच बाकड्यावर बसून राहिला. फोन कुठे पडला ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांचे नंबर त्यातच होते. आज म्हाताऱ्याने जड जिभेने लेकीच्या नंबरचा एकेक आकडा सांगितला, तेव्हा दवाखान्यातल्या फोनवरून त्याने तिला कळवलं. पैसे जसेच्या तसे त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात होते. औषधं तर स्वतःच्या पैशातून आणली होती. कारण ते पैसे तुझे, विचारल्याशिवाय कसे मोडायचे, असं तो कडकला म्हणाला होता.

कडकने हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी फक्त म्हणाली, "त्यांची कंबर आता कशी आहे ते विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेबाई कामावर आली तेव्हा तिचा कामाचा झगा खुंटीवर नव्हता. तो मशीनच्या खुर्चीवर होता, कॉलरपासून खालच्या शिवणीपर्यंत इस्त्री केलेला. रुळामागे कडक कुणाकडेही न बघता चादरी ओढत होती. पुढे रोज तो झगा तसाच इस्त्री होऊन यायचा, कधी खंड पडला नाही.

म्हातारा हळूहळू सावरला. आणि त्यानंतर काही महिन्यांनी कामगार संघटनेची एक बाई धुलाईघरात आली. जेवणाच्या टेबलावर तिने सगळ्यांचे फोन गोळा केले आणि फोनवरूनच थेट घरच्या खात्यात पैसे कसे टाकायचे ते शिकवलं. कमिशन जवळजवळ नाहीच. रांग नाही, सुट्टी मोडणं नाही. संध्याकाळी जावांनी गंमत म्हणून एकमेकींच्या घरी एकेक नाणं पाठवून पाहिलं आणि खोलीत खूप हसाहस झाली. खिडकीतल्या बाईला आता आपण दिसणार नाही, याचं धाकटीला वाईट वाटलं. मग सगळ्या मिळून तिला भेटायला गेल्या आणि टाकेबाईने शिवलेला एक रुमाल देऊन आल्या. ती हसून म्हणाली, तुम्ही परत येऊ नका हेच बरं.

टाकेबाईही हसत होती. पण एक गोष्ट तिला सुचत नव्हती. नवऱ्याला हे सांगायचं कसं?

तिने दोन-तीनदा फोन लावला आणि मुलीच्या अभ्यासाचं बोलून ठेवला. शेवटी एकदाचं सांगून टाकलं. आता पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातील. तुम्हाला उगाच हेलपाटे नकोत. कमरेलाही आराम.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "त्यांचे अजून वाचतील."

"हो."

"बरं. ठेवतो."

चांगलं झालं, हे त्याने आनंदाने म्हटलं होतं की नाही, ते टाकेबाईला त्या दोन शब्दांतून काढता येईना.

पुढचा पगार झाला. प्रत्येकीने आपापल्या फोनवरून आपापले पैसे पाठवले. टाकेबाई दिवसभर टाके घालत होती आणि मनाने घरी जात होती. आत्ता तो उठला असेल. मुलगी शाळेत गेली असेल. आजची बस त्याच्याशिवाय सुटली असेल. आता तो काय करत असेल, एवढ्यापाशी येऊन तिचं मन अडायचं.

दुपारी कडक तिच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. हातात फोन होता, नुकतंच बोलणं झालेलं. टाकेबाईने मशीन थांबवलं.

"बाबांचा होता," कडक म्हणाली. "तुझा नवरा आलाय तिकडे."

"कशाला? पैसे तर..."

"तेच विचारलं मी. बाबा म्हणाले, रिकाम्या हाताने आलाय. इथून पुढे धाकटीच्या आजीला भेटायला जाणार आहे, तिला सांग." ती जरा थांबली. तिच्या तोंडावर कधी नव्हे ते हसू येऊ पाहत होतं. "म्हणाले, आज पहिल्यांदाच नीट टेकून बसलाय. एरवी पैसे दिले की त्याला पुढच्या घरची घाई."

टाकेबाईने मशीनखालची चादर उगाचच सारखी केली.

"जेवले का ते?" तिने विचारलं.

"ताट वाढलंय म्हणे," कडक म्हणाली.