बाबल्याचं ताट

दगडू पेटीतले गिरणीचे कपडे काढायला गेला आणि शांता पेटीवरच जाऊन बसली. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत भिंती जाड असल्या तरी दारं उघडी असतात, त्यामुळे ते भांडण अख्ख्या मजल्याने ऐकलं. खाकी हाफ पँट आणि एक गंजी, एवढाच काय तो ऐवज. पण संपावर जाताना दगडूने अंगातून उतरवले, ते कपडे शांताने धुतले नव्हते. धुतले तर काम धुऊन जाईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. साच्याचं, म्हणजे मागाचं, तेल आणि सुताची खळ यांच्या वासासकट तिने ते घडी करून ठेवले होते. संप तर कुणी मागे घेतला असं आम्हाला कुणीच सांगितलं नाही. तो चैतातल्या विहिरीसारखा आटत गेला आणि आम्ही तळाला कळशी घासत बसलो.

"कपडे कित्याक होये तुमका?" शांता विचारत होती.

"शामराव मागता," दगडू खाली बघून म्हणाला.

शामराव म्हणजे बंद गिरणीच्या पहाऱ्याचा कंत्राटदार. दगडू गावाकडे रानडुकराच्या शिकारीचे कुत्रे तयार करायचा, हे त्याला कुठूनसं कळलं आणि त्याने दगडूला कामावर ठेवलं. घरात चूल पेटायची मारामार, त्यात आपलंच जुनं फाटक आत जायला उघडलं, म्हणून दगडू खूश होता. कापसाच्या रिकाम्या गोदामात एक तांबडा, हाडापेराने मजबूत कुत्रा साखळीला बांधलेला होता. शामराव त्याला सुलतान म्हणायचा. दगडूने पहिल्याच दिवशी त्याचा बाबल्या केला.

शामरावाची शिकवण अशी होती. कुत्र्याला दिवसभर उपाशी ठेवायचं. संध्याकाळी दगडूने भाताचं ताट आणून ठेवायचं. कुत्र्याचं तोंड ताटापाशी पोचतं न पोचतं तोच गिरणीच्या कपड्यातला शामरावाचा एक माणूस यायचा, लाथेने ताट उडवायचा आणि वेताने कुत्र्याला झोडपून निघून जायचा. मग दगडूने पुन्हा ताट भरून द्यायचं. "मारणारा कामगार, देणारा मालक. एवढं टकुऱ्यात बसलं की कुत्रा तयार," असं शामराव सांगायचा. अंगावर घालायला कपडेही खऱ्याखुऱ्या कामगाराचे हवे होते, कारण बाजारातल्या नव्या कपड्याला साच्याचा वास कुठून येणार.

शेवटी शांता पेटीवरून उठली. पोटापुढे कुणाचं चालतं.

दगडू आम्हाला गॅलरीत सांगायचा की मी काही त्याला हात लावत नाही, मी बापडा नुसता भात वाढतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं म्हणून आम्हीही मान डोलवायचो. शांता तेवढी डोलवत नसे. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "मारणारो तरी समोरसून मारता. तुमी ताट दाखवून तेका मारूक देतास." दगडू त्यावर जेवता जेवता उठला तो तसाच बाहेर निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबल्या दगडूला चावला. दगडू हाताला पंचा गुंडाळून घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. घडलं ते एवढंच की त्याने ताट ठेवलं आणि कुत्रा लटलट कापायला लागला. दाराकडे, जिथून तो माणूस यायचा तिकडे, त्याने बघितलंही नाही. तो दगडूकडे बघत राहिला आणि मग त्याने दगडूचा ताटाचाच हात धरला.

"तो कपड्यांका चावलो नाय गो," दगडू शांताला म्हणाला. "ताटाका चावलो. तेका वाटता, त्या माणसाक मियाच बोलावतंय."

 शांताने हळद आणून जखमेत दाबली.

वर आणखी एक धोंडा पडायचा होता. येत्या सोमवारी गिरणीतले साचे लॉऱ्यांत भरून भंगारात जाणार, अशी बातमी आली. आमच्या तळमजल्यावरचे अप्पा साचेखात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी फाटकासमोर उभं राहायचं आणि तेही कामाचे कपडे घालून, म्हणजे हे यंत्र कुणी चालवलं ते बघणाऱ्याला कळेल. शामरावालाही ते कळलं. सोमवारी सुलतानाला मोकळा सोडायचा, असं त्याने दगडूला बजावलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी दगडूची गत झाली. कुत्रा सोडावा तर तो अप्पांच्या नरडीला लागणार, आणि काम सोडावं तर दुसरा कुणीतरी कुत्रा सोडणारच.

दगडूने शामरावाला सांगितलं की आता मारायचं कामही मीच करतो, चावरा कुत्रा मला चांगला कळला आहे. शामराव खूश झाला. आता शिकलास, म्हणाला.

दगडूने स्वतःचेच कपडे त्या माणसाच्या अंगावरून उतरवून घेतले आणि घातले. गोदामाचं दार आतून लावलं. बाबल्या कोपऱ्यात अंग चोरून मुतला. दगडूने ताट मधे ठेवलं, कुत्र्याकडे पाठ केली आणि खाली बसून त्यातला पहिला घास स्वतः खाल्ला. मग ताट मागे सरकवलं. गावाकडे तो असंच करायचा, बोलायचं नाही, बघायचं नाही, आपल्याला घाई आहे हे जनावराला कळू द्यायचं नाही. अधूनमधून उठून तो कोपऱ्यातल्या कापसाच्या गाठीवर वेत हाणायचा आणि आईबापाचा उद्धार करायचा, म्हणजे बाहेर विडी ओढत बसलेल्या शामरावाचा जीव थंड राहायचा. त्या गाठीने आयुष्यात खाल्ला नसेल एवढा मार त्या आठवड्यात खाल्ला. शांता भातात सुक्या बांगड्याची डोकी चुरून द्यायची. रविवारी बाबल्याने दगडूच्या खांद्यामागून मान घालून ताटाला तोंड लावलं.

सोमवारी आम्ही फाटकासमोर उभे राहिलो. हाफ पँटी सगळ्यांना सैल झाल्या होत्या, कुणी सुतळीने बांधल्या होत्या. आत लॉऱ्या घरघरत होत्या. शामरावाने दगडूच्या हातातली साखळी हिसकावली आणि स्वतःच सोडली.

बाबल्या सुसाट आला. मी तर अप्पांच्या मागे सरलो. तो आमच्यात घुसला आणि थबकला. एवढ्या खळीचा, एवढ्या तेलाचा वास त्याला एका जागी कधी मिळाला नव्हता. त्याने एकेकाची मांडी हुंगली, अप्पांपुढे आला आणि ताटाची वाट बघत खाली बसला. अप्पांनी खिशातला अर्धा पाव त्याच्यापुढे धरला. मग कुणीतरी हसलं आणि आम्ही सगळेच हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो असू.

लॉऱ्या गेल्याच म्हणा. पोलिसांनी आम्हाला कडेला सारलं आणि साचे आमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडले. त्यातला एक दगडूचा होता. शामरावाने दगडूलाही हाकललं, आणि असला कुत्रा मला फुकट नको म्हणून बाबल्यालाही. दगडू पुढे आणि बाबल्या मागे, असे ते चाळीचे जिने चढून आले.

शांताने कौतुकाने ताट वाढलं. बाबल्या खाटेखाली शिरला आणि लटलट कापायला लागला. तिने चुचकारलं, ताट पुढे सरकवलं, पण तो हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग दगडूने खुंटीवरची हाफ पँट चढवली, गंजी घातली, खाली बसला आणि पहिला घास खाल्ला. तेव्हा कुठे बाबल्या बाहेर आला.

पुढे रोज असंच. गिरणीचा भोंगा काही वाजला नाही, पण जेवणाची वेळ झाली की दगडू कपडे बदलायचा. शांताने ते कपडे धुतले नाहीत ते नाहीतच.

"गिरणीन नाय," ती एकदा मला म्हणाली, "पण बाबल्यान तरी कामाक लावल्यान." आणि तिने भाताची दोन ताटं वाढली.