चौकटीबाहेरची दोन बोटे

तपासणीच्या लोखंडी चौकटीबाहेर माझी मागची चाके दोन बोटे येतात. डावीकडे एक बोट, उजवीकडे एक. तेवढ्यावरच माझे सगळे अडले आहे.

मित्रांनो, मी शेजारी-शेजारी दोन आसने असलेली, खडकाळ माळावर धावणारी जुनी गाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी त्या चौकटीत नीट मावत असे. शर्यतीचा नियम साधा आहे. मावते ती गाडी मूळ गटात, मावत नाही ती खुल्या गटात. खुल्या गटात टर्बो लावलेल्या दांडग्या गाड्या असतात. मूळ गटात मी दोनदा पहिली आले होते.

मग एका वळणावर मी उलटले. मला चालवणाऱ्या मुलीचे मनगट मोडले. तिचा मामा गॅरेजवाला. त्याने चाकांना धरणारे जास्त लांबीचे आर्म स्वतः वेल्डिंग करून मला बसवले.

"आता उलटून दाखव म्हणावं!"

मी स्थिर झाले हे खरे, पण माझा गटही बदलला. तेव्हापासून मी दर वेळी शेवटची. तपासनीस चौकट लावतो, मान हलवतो आणि खुल्या गटाचा स्टिकर चिकटवतो. प्रेक्षक मला म्हैस म्हणतात. अशी चीड येते! माझे इंजिन तर तेच आहे ना?

"मामा, जुने आर्म लाव ना परत."

"बघू."

"तुझं हे बघू संपणार कधी?"

"तुझ्या आईला उत्तर कोण देणार?"

"आई विचारतच नाही. तूच विचारतोस, तूच घाबरतोस."

मामा पाना घेऊन दुसऱ्याच गाडीखाली शिरला.

आजच्या शर्यतीत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण तापामुळे आली नाही, म्हणून मामा बसला. सुरुवातीलाच टर्बो गाड्या आम्हाला घासून पुढे गेल्या आणि समोर धुळीची भिंत उभी राहिली. मामाने पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला.

"अगं, दिसतंय का तुला काही?"

"नाही."

"मग चालवतेस कशी?"

"अंदाजाने. दर वेळी असंच असतं."

मित्रांनो, गाडीची काळजी जरूर घ्या, पण ती चालवणाऱ्यालाही एकदा विचारा. उलटू नये म्हणून मला रुंद केले, आणि त्याच रुंदीने तिला या आंधळ्या धुळीत आणून सोडले.

शर्यत संपली. मामाने हेल्मेट काढले. त्याच्या दातांतही माती होती. तो वाकला आणि माझ्या मागच्या चाकाचा आर्म हाताने चाचपला.

"सकाळी जुने आर्म बसवू," तो म्हणाला. "मूळ गटात नाव दे."