टेंपेच्या खोलीतला पिवळा अजगर

वारसिदीच्या सासूने, बू सुगिनाने, त्याला एकदा भलतंच करताना पकडलं. मागच्या खोलीत तो उकिडवा बसला होता आणि एका अजगराच्या मादीला दुसऱ्या मादीची कात नेसवत होता. अगदी चुण्या सारख्या करून, शेपटीपासून मानेपर्यंत.

"हे काय चाललंय, दी?"

"लग्न, बू."

बू सुगिनाने कमरेवर हात ठेवले. अख्ख्या गावाला टेंपे, म्हणजे सोयाबीन मुरवून केलेल्या वड्या, पुरवणारी बाई ती. सोयाबीन तुडवून तुडवून तिचे पाय खांबासारखे झाले होते, आणि ती दारात उभी राहिली की खोलीतला उजेड कमी व्हायचा.

वारसिदीने समजावून सांगितलं. मादी तपकिरी, अंगभर गालिच्यासारखी नक्षी असलेली. नर मात्र झाडावर राहणाऱ्या जातीचा, हिरवागार. जात वेगळी, म्हणून नर तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. पण तिच्या अंगाला त्याच्या जातीच्या मादीचा वास लागला तर गडी फसतो. मग पिल्लं होतात, बापाच्या रंगाची आणि आईच्या नक्षीची.

"म्हणजे नवऱ्यामुलाला फसवायचं."

"थोडंसं."

"बरोबर आहे. तुझ्या आईनेही तुझ्याबद्दल असंच थोडंसं सांगितलं होतं आम्हाला." ती वळली. "भात कापून झालं की ही खोली मला रिकामी पाहिजे. टेंपेचे माच वाढवायचेत. तुझं वऱ्हाड कुठे न्यायचं ते तू बघ."

तिने नुसतं म्हटलं नव्हतं. शहरातल्या एका साप विकणाऱ्याला निरोपही धाडला होता. वारसिदीला दुसरं घर नव्हतं आणि दुसरं कसबही नव्हतं. बारा वर्षांचा असल्यापासून तो अजगर पाळत होता. माणसांत त्याला काय बोलावं ते सुचत नसे. सापांत बोलावंच लागत नसे.

लग्न मात्र लागलं. अंडी झाली. बरीचशी सडली, एकच चांगलं राहिलं, पांढरं, फुगीर. तेवढ्यात गावची वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. उबवणीची पेटी गार पडली. वारसिदी अंडं पोटाशी धरून घरभर फिरला आणि शेवटी टेंपेच्या खोलीत शिरला. तिथे केळीच्या पानात बांधलेलं सोयाबीन माचांवर मुरत पडलं होतं, आणि माणसाला घाम फुटेल अशी कोंदट ऊब होती. सोयाबीनला जेवढी ऊब लागते, अजगराच्या अंड्याला तेवढीच लागते हे त्याला त्या दिवशी कळलं. आनंद इतका झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगण्याजोगं घरात कोणी नव्हतं. त्याने अंड्याचा डबा मागच्या माचाखाली सरकवला आणि वीज आल्यावरही तिथेच ठेवला.

त्याच सुमारास गावच्या लुराची, म्हणजे गावच्या कारभाऱ्याची, निवडणूक निघाली. पाक हार्तोयो, म्हणजे हार्तोयोराव, उभे राहिले. त्यांनी निशाणी नारळ घेतली, हिरवा शहाळ्याचा नारळ, आणि हिरवे सदरे वाटले. बायकांनी बू सुगिनाला गळ घातली. तिने मका घेतला. आणि मका घेतला त्याच दिवशी सकाळी तिने माचावरून टेंपेचं पान उचललं, तर खाली पिवळाधम्मक साप वेटोळं करून बसलेला. बोटाएवढा. मक्याच्या दाण्यांच्या रंगाचा.

हाताखालची बाई तिथेच खाली बसली. "पुलुंग," ती म्हणाली. "बू, पुलुंग उतरला."

लुरा जो होणार असतो त्याच्या छपरावर आकाशातून उजेडाचा गोळा उतरतो, त्याला पुलुंग म्हणतात. छपराऐवजी टेंपेवर उतरला म्हणून काय झालं. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

वारसिदी गर्दीतून वाट काढत पुढे आला. "तो माझा आहे," तो म्हणाला. "माझ्या नक्षीवालीचा. अंडं मीच ठेवलं होतं तिथे."

लोकांनी त्याच्याकडे बघितलं.

"तुझी ती तपकिरी ना?" शेजारचे म्हातारे म्हणाले.

"हो."

"आणि नर हिरवा."

"हो."

"मग तपकिरी नि हिरवा मिळून पिवळा कसा होईल? काहीही सांगतोस होय, पोरा. आमची गुरं आहेत, आम्हाला कळतं."

"हिरव्या बापाची पिल्लं जन्मतात पिवळीच. मोठी झाली की हिरवी होतात."

सगळे मनसोक्त हसले. वारसिदीची बायको पार्तिनी त्याची बाही ओढत म्हणाली, "अहो, पुरे आता."

बू सुगिना मात्र हसली नाही. तिने त्याला टेंपेच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"हा हिरवा होणार?"

"आईच्या रक्तामुळे हिरवा रंग चढलाच नाही तर पिवळा राहीलही. सांगता येत नाही. अशी जोडी मी पहिल्यांदाच लावलीय."

"मतदानापर्यंत राहील?"

मतदान तोंडावर होतं. वारसिदीने मनाशी हिशोब केला. एवढ्यात काही रंग फिरत नाही. "राहील," तो म्हणाला.

"राहिला तर खोली तुझी, कायमची. हिरवा झाला तर सगळे साप त्याच दिवशी घराबाहेर. मी शब्द फिरवत नाही, दी."

"मला मंजूर आहे," वारसिदी म्हणाला, आणि स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्याला रात्री गाढ झोप लागली.

मग पाऊस इतका लागला की पूल गेला. मतदान पुढे ढकललं. मग रोज्यांचा महिना आला. पुन्हा पुढे ढकललं. मग ईद झाली, गावोगावचे पाहुणे आले, ते जाईपर्यंत कोणाला मत द्यायला सवड नव्हती.

पिल्लू वाढत होतं. लोकांनी त्याचं नाव जागुंग ठेवलं, म्हणजे मका. बू सुगिना त्याला बुलबुलाच्या पिंजऱ्यात घालून सभेला न्यायची आणि मंचावर आपल्यापेक्षा उंच टांगायची. म्हाताऱ्या बायका पिंजऱ्याखाली नातवंडांना उभं करायच्या. आणि वारसिदी रोज सकाळी आधी पिंजरा उघडून बघायचा, मग तोंड धुवायचा.

एका सकाळी शेपटीच्या टोकाशी त्याला हिरवा ठिपका दिसला. शेवाळ असेल म्हणून त्याने ओल्या फडक्याने पुसलं. निघालं नाही.

"पार्तिनी, हे बघ. हिरवं आहे का?"

पार्तिनीने बघितलं. "हिरवट पिवळं म्हणता येईल."

"तुझ्या आईला काय म्हणता येईल?"

पार्तिनीने पिंजऱ्यावर पिवळा दिवा लावला. मग जागुंगला खायला द्यायच्या उंदरांना ती भोपळा नि मका चारू लागली. उंदीर गुटगुटीत झाले, जागुंगही झाला, पण हिरवाच होत गेला. एका कातीला पाठीवर पट्टा आला, पुढच्या कातीला कुशी गेल्या. वारसिदी दर वेळी कात हातात घेऊन असा बसायचा, जसा माणूस दवाखान्यातला कागद घेऊन बसतो. पिंजऱ्याला आता पिवळं कापड आलं. पुलुंगाला नजर लागते, असं पार्तिनीने बाहेर सांगितलं. ती आईची मुलगी होती, बोलताना तिचा चेहरा हलत नसे.

पाक हार्तोयोंच्या कानावर काहीतरी गेलंच. त्यांनी माणसाबरोबर एक शहाळं पाठवलं आणि निरोप दिला, आमच्या पाहुण्याला पाजा.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप पडला. रीतीप्रमाणे दोन्ही उमेदवार मंचावर खुर्च्यांत बसले, नव्या कपड्यांत, आपापल्या निशाणीखाली. मोजणी होईपर्यंत तिथून उठायचं नसतं. खुर्ची सोडली की पुलुंग उठून जातो, हे शेंबडं पोरही जाणतं. बू सुगिनाच्या डोक्यावर मक्याची कणसं लटकत होती आणि शेजारी कापड घातलेला पिंजरा.

वारसिदी मंचाच्या पायरीशी बसला होता. जागुंग चार दिवस मलूल होता, डोळे दुधाळ झाले होते. कात टाकायला आला होता. आज नको, एवढंच वारसिदी मनात म्हणत होता. उद्या टाक. उद्या हवा तर निळा हो.

माणसं रांगेने मंचासमोरून जात होती. ऊन चढलं. पिंजऱ्यातून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात वारा सुटला आणि कापड उडालं.

आतल्या काठीवर जुनी कात लोंबत होती. शेजारी जागुंग बसला होता, धुतल्या पानासारखा हिरवागार. पोटाच्या कडेला तेवढं थोडं पिवळं उरलं होतं.

रांग थांबली. आधी कोणीतरी खाकरलं, मग अख्खं मैदान हसायला लागलं. हिरव्या सदऱ्यांनी टाळ्यांचा धडाका लावला. वारसिदीने मान खाली घातली. त्याला डोळ्यासमोर हातगाडी दिसत होती आणि तिच्यावर त्याचे सगळे खोके.

पाक हार्तोयो खुर्चीतच पुढे झुकले. "बू सुगिना, पुलुंग आमच्याकडे निघालाय हो. अंगावर आमचा सदरा घालून आलाय."

बू सुगिनाने पिंजऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "खरंय तुमचं," ती शांतपणे म्हणाली. "दुसऱ्याचा पाहुणा अडवून ठेवू नये. दी, यांचा यांना दे."

"तसं नाही, पिंजरा राहू दे तिकडेच," पाक हार्तोयो म्हणाले.

"पुलुंग काय पिंजऱ्यातून घेतात?" हिरव्या सदऱ्यातलाच एकजण खालून म्हणाला. "मांडीवर घ्या, पाक."

"घ्या, घ्या," बाकीचे म्हणाले.

वारसिदीने जागुंगला बाहेर काढलं आणि पाक हार्तोयोंच्या मांडीवर ठेवलं. ते हसत होते, पण ओठांना रंग नव्हता. जागुंगला झाडाच्या फांद्या आवडत. त्याने हात चाचपला, खांदा चाचपला आणि नव्या काळ्या टोपीपर्यंत चढून तिथे नीट घडी करून बसला. मग शेपटीचं टोक त्याने कानात घातलं.

पाक हार्तोयो बराच वेळ हलले नाहीत. एका बाईने वाकून विचारलं, "पाक, बरं वाटतंय ना?" तेव्हा त्यांनी टोपी तशीच दोन्ही हातांनी अलगद उचलली, खुर्चीवर ठेवली, आणि पायरी न वापरता मंचावरून उतरले. शाळेचं कुंपण, पाटाचा बांध, मग भाताचं शेत. हिरव्या सदऱ्यामुळे ते शेतात फार लवकर दिसेनासे झाले.

नारळाखालच्या खुर्चीत आता जागुंग एकटाच होता, टोपीवर. शेजारच्या म्हाताऱ्यांनी आत जाऊन विचारलं की सापाला मत द्यायचं असेल तर कुठे द्यायचं. नाही देता येत म्हटल्यावर त्यांनी मक्याला दिलं.

बू सुगिना लुरा झाली. संध्याकाळी अंगणात ताटं फिरत होती तेव्हा वारसिदी मागच्या खोलीत खोके बांधत होता. शब्द शब्द असतो. हिरवा झाला तर घराबाहेर, हे त्याने ऐकलं होतं आणि मान्य केलं होतं.

दारातला उजेड कमी झाला.

"कुठे निघालास?"

"हिरवा झाला, बू."

"झाला खरा." ती आत आली आणि नक्षीवालीच्या खोक्याशी उभी राहिली. "मी त्याच दिवशी म्हणाले होते. पण आजचा दिवस संपायला अवकाश आहे. ते होईपर्यंत मला एक सांग. पुढच्या निवडणुकीपर्यंत पिवळा राहील असं पिल्लू हवं असेल तर हिला कोणाशी गाठ घालून द्यायची?"

वारसिदीने हातातली दोरी खाली ठेवली. "जन्मभर पिवळाच राहणारा एक नर आहे शहरात. पण जात वेगळी. तिसरीच."

"मग पुन्हा नेसवावी लागेल."

"हो."

"नेसवून दाखव."

त्याने फळीवरची एक कात काढली, नक्षीवालीला बाहेर घेतलं आणि शेपटीपासून सुरुवात केली. बू सुगिना थोडा वेळ बघत राहिली. मग जमिनीवर मांडी घालून बसली आणि त्याचा हात बाजूला सारला.

"सोड. तुला येत नाही. गळ्याशी किती ढिली ठेवलीस, लग्नाच्या मांडवात सुटली म्हणजे?"