अडलेलं गाऱ्हाणं

"कोणाक खरां वाटूचां नाय," बशीतला चहा फुंकत सगुण म्हणाला, "पण काल मी विसरलंय!"

हे त्याने अशा थाटात सांगितलं, की जणू वाघ मारूनच आला होता. विशालच्या हॉटेलातले चारही बाक हसले. गल्ल्यापाशी उंडे, म्हणजे गोल पाव, पिशवीत भरून घेणारी देवकी मात्र हसली नाही. बायकोला नवऱ्याच्या थापांवर रोज रोज हसून परवडत नाही.

सगुणच्या थापा पेडण्याच्या बाजारापर्यंत पोचलेल्या होत्या. त्याचं गाऱ्हाणं ऐकत तेरेखोलच्या खाडीची भरती म्हणे एकदा अर्धा तास खोळंबली होती. एकदा देवळामागच्या रानातला गवा कुंपणापाशी येऊन मान खाली घालून उभा राहिला, आणि शेवटचं 'व्हय म्हाराजा' झाल्याशिवाय हलला नाही. गाव हे सगळं ऐकून घ्यायचं, कारण एक गोष्ट थाप नव्हती. चाळीस वर्षं जत्रेच्या सकाळी, पालखी उठण्याआधी, सगुण देवासमोर उभा राहून अख्ख्या गावाचं गाऱ्हाणं तोंडपाठ घालत आला होता. आधी वेशीवरचे देव, मग बावन्न घरं, आणि घरागणिक त्या वर्षीचं मागणं. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आठ दिवस आधीपासून माणसं त्याच्या घरापुढच्या खळ्यात येऊन आपापलं दुखणं सांगून जात. कागद नाही, पेन्सिल नाही.

"लिवन आणलां तर तो अर्ज," तो म्हणायचा. "देव काय मामलेदार?"

पंधरा दिवसांपूर्वी देवस्थान समितीचा अध्यक्ष प्रशांत घरी आला होता. खुर्चीत नीट टेकलाही नाही.

"मामा, राग मानू नका. तुमचां वय झालां. गेल्या वर्साचां गाऱ्हाणां समितीच्या निलेशान मोबायलार घेतलेलां आसा. तुमी थकलास की तांच लावया. शिकतलो कोण आता?"

सगुणने त्यावर गव्याची गोष्ट सांगितली नाही, हे देवकीच्या ध्यानात आलं. त्या दिवशी तो जेवताना नुसता भात चिवडत बसला. मुलगी पणजीला नोकरीत, भाच्यांना 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही लाज वाटते. ताटावरून उठताना तो एवढंच म्हणाला, "माझ्या मागे ह्या घरांचां बोलतलो कोण गो?"

आणि मग कालचा जत्रेचा दिवस. तीस घरं पाण्यासारखी गेली. बाबाजीचा गुडघा झाला, रुद्रेशच्या बोटीवरच्या नोकरीचं झालं. मग सगुण म्हणाला, "चंद्रावतीच्या घराक..." आणि थांबला.

आता हा खाली कोसळतो की काय, म्हणून देवकी दोन पावलं पुढे सरकली. पण सगुण हात जोडून ताठ उभा होता, डोळे मिटलेले, कान पायऱ्यांकडे.

प्रशांतने खूण केली. निलेशने घाईघाईने मोबाइल माईकला लावला, बोटाने मागेपुढे केलं, आणि गेल्या वर्षीचा सगुण कर्ण्यातून गरजला, "सोनालीक बरो घोव मेळां दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबाजीने सवयीने आरोळी ठोकली.

सोनाली मे महिन्यात लग्न झालेल्या नवऱ्याशेजारीच उभी होती. नवरा बिचारा दोडामार्गचा, तालमीतला.

"आनी एक?" त्याने विचारलं.

मंडप असा हसला, की पुजाऱ्याच्या हातातली घंटा आपोआप वाजली. निलेश मोबाइल बंद करू गेला, तर तो आणखी मोठ्याने बोलायला लागला. गेल्या पावसात विकून टाकलेल्या म्हशीला त्याने दूध मागितलं. शेवटी निलेशने माईकची वायरच उपटली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला.

"चंद्रावतीच्या घराक, म्हाराजा, काय नको. वळेसर गुंफूक बोटां तेवडी चलत ऱ्हवां दे!"

तीस वर्षं देवळाच्या पायरीवर अबोलीचे गजरे, तिच्या बोलीत वळेसर, विकणारी चंद्रावती उठून उभी राहिली होती. अर्धा गुंफलेला वळेसर हातातच होता. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं त्या देवळाने ऐकलं नव्हतं. प्रशांतने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी दुसरंच एक तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा!" सगुण ओरडला.

चाळीस वर्षांत त्याने हे दोन शब्द कधी म्हटलेच नव्हते, ते नेहमी इतरांचे. त्याच्यामागून सगळा मंडप म्हणाला. मग चंद्रावती थांबली नाही. पार्वतीच्या विहिरीचं पाणी, कमलच्या नातवाची परीक्षा, एकेक करत बावन्नाव्या घरापर्यंत गेली. यंदाचं मागणं तिला ठाऊक असणारच. सगुणच्या खळ्याकडे जाणारा माणूस वाटेत तिच्यापाशी थांबून आधी तिलाच सगळं सांगून जायचा. आणि गाऱ्हाण्याची चाल तर तीस वर्षं तिच्या बोटांतून वळेसरात उतरत होती.

"पुढल्या वर्सा चंद्रावतीकच सांगलंय," आता प्रशांत हॉटेलात सगळ्यांना सांगत होता. "मोबायल नको. सोनालीचो घोव भांडाक येतलो."

"घालता तर घालूंदे बापडी," सगुण म्हणाला. "माझी डोकी गेली. चंद्रावतीचां नाव आसा मा, तां कानातसून भुरकन उडालां. मी डोळ्यांनी बघलंय, पिवळ्या चोचीचां होतां! विसरलंय म्हणजे अगदी कोरो!"

बाक पुन्हा हसले. "मामा म्हातारो झालो रे," कुणीतरी म्हणालं. सगुणने मान डोलावली आणि बशी तोंडाला लावली. समोर देवळाच्या पायरीवर चंद्रावती फुलं मांडत होती. ओठ हलत होते, गाऱ्हाण्यातली घरं पहिल्यापासून चालली होती.

देवकीने उंड्यांची पिशवी खाली ठेवली.

"खोटां सांगतास!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "काल सकाळी न्हाताना बावनय घरां धडाधड म्हटलास. मी चुलीकडे खोबरां खवत होतंय. चंद्रावतीच्या घराक मीच व्हय म्हाराजा म्हटलंय!"